गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या कुळागरात तंबूचा मुक्काम, आणि बायकांसाठी राखलेला कोंड

वाळपईच्या पुढे, म्हादईला जाऊन मिळणाऱ्या एका ओहोळाच्या काठी एका कुटुंबाचं जुनं कुळागर आहे. खाली पोफळी, माड, केळी, मिरवेली. वरच्या अंगाला, जिथे पूर्वी काजूची भट्टी लागायची त्या सपाट जागेवर, त्यांनी मोजके तंबू घातलेत. नावाची पाटी नाही, जाहिरात नाही. ओळखीच्या ओळखीतून माणसं येतात आणि मालकांना ते तसंच हवंय, म्हणून मीही नाव लिहीत नाही. जागेबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण ‘फॅमिली’ हा शब्द गोव्यात प्रत्येक बार अँड रेस्टॉरंटच्या बोर्डावर असतो आणि बाईमाणसाचा विचार करून आखलेली जागा मला ही पहिलीच भेटली.

आम्ही म्हापशाचे. मी, नवरा, कॉलेजात जाणारी लेक, सासूबाई, आणि पुण्याहून आलेली नणंद व तिचा मुलगा. गोव्यात राहून गोव्यातच तंबूत झोपायला पैसे कशाला द्यायचे, हा प्रश्न घरात निघालाच. माझं उत्तर सरळ होतं. आईंना, म्हणजे सासूबाईंना, पाण्यात उतरायचं होतं.

आई पोंबुर्फ्याच्या. तिथल्या झऱ्यावर अंघोळ करत त्या वाढल्या, गावच्या तळीत भावांबरोबर पोहायला शिकल्या, आणि लग्नानंतर गुडघ्याच्या वर पाणी त्यांनी पाहिलं नाही. मे महिन्यात खाऱ्या पाण्याची अंघोळ अंगाला बरी म्हणून आपली जुनी माणसं समुद्रावर जायची, तेवढंच काय ते. मागे एकदा नातेवाइकांच्या समारंभासाठी किनाऱ्याजवळच्या एका हॉटेलात उतरलो होतो, तेव्हा त्या मोठ्या आशेने पूलपाशी गेल्या. तिथल्या माणसाने त्यांच्या सुती गाऊनकडे बोट दाखवून सांगितलं, नायलॉनचा कॉस्च्युम असेल तरच पाण्यात. नियम स्वच्छतेचा असेल, मी समजू शकते. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला चार अनोळखी पुरुषांसमोर, बारच्या स्टुलांपासून दहा पावलांवर, अंगाला चिकटणारा कॉस्च्युम घालून उतरा म्हणणं म्हणजे उतरू नका म्हणणंच आहे. आई काही न बोलता खोलीत परतल्या. ते माझ्या मनात राहिलं होतं.

रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. म्हापशाहून डिचोली, साखळी, होंडा करत वाळपई. पुढचा रस्ता अरुंद पण डांबरी, शेवटचा तुकडा तांबड्या मातीचा. वाळपईपर्यंत बस आहे, त्यापुढे स्वतःची गाडी हवी. होंड्याच्या पुढे काजूच्या बोंडांचा वास गाडीत शिरला आणि नणंदेने काच खाली केली ती वर घेतलीच नाही.

तंबू चांगले आहेत. चिऱ्यांचे गुडघाभर उंच चौथरे बांधून त्यावर ते उभे केलेत, त्यामुळे खालून ओल येत नाही आणि सरपटणाऱ्याची भीती कमी. आत गाद्या, स्वच्छ चादरी, मच्छरदाणी, एक पंखा. दुपारी बारा ते चार तंबूत बसवत नाही, हे आधीच सांगते. त्या वेळेला सगळे खाली पोफळींच्या सावलीत पाटाशेजारी खाटांवर लोळतात. पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात जाताना जो आवाज करतं त्यात माझा नवरा दोन तास गाढ झोपला. हा माणूस एरवी दुपारी झोपत नाही.

न्हाणीघरं चिऱ्यांची, वरून अर्धी उघडी. पाणी तापवायला तांब्याची मोठी भाण चुलीवर बसवलेली, तिच्यातलं पाणी कळशीने आणून न्हायचं. लाकडाच्या धुराचा वास लागलेलं ते कढत पाणी. संडास दोन कमोडचे आणि बाकी भारतीय पद्धतीचे, सगळे धुतलेले, दाराला आतून नीट लागणाऱ्या कड्या. कड्यांचा उल्लेख मुद्दाम केला. बायका वाचत असतील तर का केला ते त्यांना ठाऊक आहे.

आता कोंडाबद्दल.

कुळागराच्या शिंपण्यासाठी हे लोक पावसाळा सरला की ओहोळाला दगडमातीचा बांध घालतात. त्याच्या वर पाणी तुंबतं आणि मूळचा कोंड, म्हणजे ओहोळातला डोह, आणखी भरतो. काठाला गुडघ्याएवढं, मध्ये माझ्या छातीला लागेल इतकं, आणि पलीकडच्या मोठ्या खडकापाशी खोल. तिथे दोरी बांधलीय. दोरीपलीकडे कुणी जायचं नाही. काठापासून पाण्यापर्यंत चिऱ्यांच्या पायऱ्या आणि हाताला धरायला बांबू. तंबूंच्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप पुरुषभर उंचीचे उभे केलेत. पलीकडचा काठही याच कुटुंबाचा, त्यामुळे तिकडून वाट नाही, गुरं नाहीत, कुणाची ये-जा नाही. कपडे बदलायची खोली पाण्याला लागूनच आहे. ओल्या अंगाने, टॉवेल गुंडाळून, तंबूपर्यंत सगळ्यांच्या देखत चालत जावं लागत नाही. या एका खोलीसाठी मी या माणसांना शंभरपैकी शंभर देईन.

सकाळी सात ते साडेनऊ आणि दुपारी चार ते साडेपाच कोंड फक्त बायकांचा. मधल्या वेळी सगळी कुटुंबं, साडेपाचनंतर पुरुष. फक्त पुरुषांचा गट असेल तर बुकिंगच घेत नाहीत. दारू पाण्यापासून लांब, काचेची बाटली तर कुळागरातच नाही. पायऱ्यांच्या वर एक लाकडी पेटी आहे, खण पाडलेली. पाण्यावर जाताना प्रत्येकाने आपला फोन तिच्यात ठेवायचा, कुटुंबाच्या वेळेतसुद्धा. पेटीपाशी मालकांची सून बसलेली असते. ती सत्तरी तालुक्यातलीच, नदीत वाढलेली, उत्तम पोहते. शेजारी हवा भरलेली ट्यूब आणि दोरीचं वेटोळं. नणंदेने विचारलं, मुलाचा एक फोटो तरी काढू द्या. सून शांतपणे म्हणाली, “ताई, तुम्ही मुलाचाच काढाल, पण मागे कोण उभी आहे ते तुम्हांला दिसणार नाही.” नणंदेने फोन पेटीत ठेवला.

कपड्यांचा नियम एकच: मोकळा पदर नको, ओढणी नको, कारण ती पायात किंवा गळ्यात अडकते. बाकी सुती चालतं, नायलॉन चालतं, लेगिंग चालते, जुना गाऊन चालतो. आई परकर छातीशी बांधून उतरल्या, आपल्याकडच्या बायका झऱ्यावर, नदीवर उतरायच्या तशाच.

पायऱ्यांवर मी त्यांचा हात धरला होता. तिसऱ्या पायरीला त्यांनी तो सोडवून घेतला. कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर परकरात हवा भरली आणि तो चहूबाजूंनी पाण्यावर फुगून आला. मी पुढे होणार तोच त्यांनी दोन्ही तळहातांनी पुढून, मग बाजूंनी, मग पाठीमागून तो थापटून खाली बसवला, मागचा काठ पायांमधून पुढे ओढून कमरेला खोचला आणि पाण्यावर आडव्या झाल्या. एवढ्या वर्षांत हात काही विसरले नव्हते. मान वर ठेवून, दोन्ही हातांनी पाणी बाजूला सारत, त्या दोरीपर्यंत गेल्या आणि वळून आल्या. माझी लेक काठावर उभी राहून पाहतच राहिली. आपली आजी पोहते हे तिला त्या दिवशी कळलं.

त्या वेळेला पाण्यात आम्ही नऊ-दहा जणी असू. कुणाच्या पोटावर सिझेरियनचा व्रण, कुणाच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांचं जाळं, कुणाचे दंड माझ्यासारखे जाड. मडगावहून आलेल्या एका बाईंची एका बाजूची छाती शस्त्रक्रियेत काढलेली होती. त्या टीशर्ट घालून उतरल्या, बराच वेळ गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहिल्या, आणि नंतर आमच्याबरोबर खडकावर येऊन ओल्या टीशर्टातच उन्हात बसल्या. ऑपरेशननंतर पाण्यात पहिल्यांदाच आले, असं त्यांनी आपणहून सांगितलं. कुणी हळहळ केली नाही. आईंनी त्यांच्या पुढ्यात काजूची बोंडं ठेवली आणि मीठ लावून खा म्हणाल्या. मला फार बरं वाटलं, आणि रागही आला, की एवढं साधं सुख मिळायला बायकांना जंगलात इतक्या आत यावं लागतं.

माझी मावसबहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे जर्मनीत असते. ती दोघं एका उन्हाळ्यात क्रोएशियात, इस्त्रियाच्या किनाऱ्यावर व्रसार गावाजवळच्या कोवेर्सादा नावाच्या कॅम्पवर राहून आली. तिथे लोक विवस्त्र राहतात आणि तो कॅम्प १९६१ पासून आहे. फ्रान्समध्ये मोंतालिवे इथे त्याच्याही आधी, १९५० मध्ये, असं केंद्र सुरू झालं आणि तिथेच १९५३ मध्ये या मंडळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. युरोपात यात चोरीछुपं काही नाही. बहिणीने मला फोनवर सगळं सांगितलं होतं, तेव्हा मी आधी गप्पच झाले, आणि मग तासभर प्रश्न विचारत बसले. तिला स्वतःला तंबूतून बाहेर पडायला अर्धा दिवस लागला. बाहेर पडल्यावर तिच्या ध्यानात आलं की आजीआजोबा पत्ते खेळताहेत, कुणी पाव घेऊन चाललंय, आणि तिच्याकडे कुणाचं लक्षच नाही. जिथे बसाल तिथे खाली आपला टॉवेल अंथरायचा, दुसऱ्याचा फोटो काढायचा नाही, आणि टक लावून पाहणं हा तिथे सर्वांत मोठा असभ्यपणा. कोंडावरची ती पेटी पाहताच मला बहिणीचं बोलणं आठवलं.

आपल्याकडे तसं राहणं कायद्यात बसत नाही. किनाऱ्यांवर नग्नतेला बंदी असल्याच्या पाट्या आम्ही लहानपणापासून पाहिल्यात. मला स्वतःला तसं राहायचं नाही, आणि सत्तरी तालुक्यात कुणी तसं सुरू करावं असंही म्हणायचं नाही. पण हिप्पी हणजूणला उतरले त्या साठ-सत्तरच्या दशकापासून आपल्या किनाऱ्यांवर एक गोष्ट वाढतच गेली, ती म्हणजे पाहायला येणारे पुरुष. गाड्या भरून येतात, पाण्यात उतरत नाहीत, कपडे न काढता वाळूत उभे राहतात आणि बायकांकडे फोन धरतात. म्हापशाची मुलगी म्हणून मी हे कळायला लागल्यापासून बघते आहे. परदेशी बाई असो की आपली, भिजलेली बाई दिसली की फोन वर. बुडणाऱ्याला वाचवायला किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक आहेत, ते चांगलं काम करतात. या नजरेपासून वाचवायला कुणी नाही. म्हणून समुद्राच्या काठावर जन्म काढलेल्या किती बायकांना पोहता येत नाही, आपापल्या घरात विचारून पाहा. कायदा आणि संस्कृती यांवर आपण भांडतो, पण बाई कपड्यांत असो, अर्ध्या कपड्यांत असो, तिच्याकडे टक लावायची नाही, हे इथल्या वहिनींनी एका पेटीने आणि दोन वेळांनी करून दाखवलंय. खर्च किती आला असेल? झाप, पेटी, एक खोली.

वहिनी म्हणजे मालकीणबाई. सगळे त्यांना वहिनीच म्हणतात. वेळांची कल्पना त्यांचीच. पहिल्या वर्षी सगळ्यांसाठी सगळा दिवस कोंड उघडा होता, तेव्हा बायका दिवसभर काठावर बसून नवऱ्यांचे टॉवेल सांभाळायच्या, असं त्या म्हणाल्या.

पाण्यात मोकळीक आहे, रानात नाही, हे नीट समजून घ्या. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेत. हा रोग गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि जानेवारी ते मे हा त्याचा जोराचा काळ. त्यामुळे कुळागराच्या वरच्या रानात फिरायला जाताना पूर्ण बाह्या, लांब पँट, मोजे सक्तीचे. अंगाला लावायचं तेल तेच देतात. पाचोळ्यात बसायचं नाही, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता येऊन सांगायचं. परत आल्यावर अंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. मुलांचे कान, मान, काखा तपासायला वहिनी स्वतः आठवण करतात. फिरवायला मालकांचा धाकटा भाऊ येतो. त्याला झाडं फार छान माहीत आहेत. गव्यांचे खूर दिसले, गवे दिसले नाहीत. म्हादई अभयारण्य तिथून लांब नाही. चालता चालता त्याने पाण्याबद्दल सांगितलं. लवादाने २०१८ मध्ये म्हादईच्या पाण्याची वाटणी केली, कर्नाटकला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) मिळालं, ते सगळं आपण बातम्यांत वाचतो. हा माणूस मात्र बांधाच्या एका दगडाकडे बोट दाखवून सांगतो की मार्चात पाणी इथवर असायचं. दगडावर शेवाळाची काळी रेघ होती, पाणी तिच्या वीतभर खाली.

जेवण उत्तम, आणि घरचं म्हणजे खरोखर घरचं. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि खारातली तोरं, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैऱ्या. नको असेल त्याला भाकरी आणि खोबऱ्याची चटणी. दुपारी अळसांद्याचं (चवळीचं) तोणाक म्हणजे खोबऱ्याच्या वाटणाची दाट आमटी, कोवळ्या फणसाची भाजी, सोलकढी. एका रात्री बांगड्यांची उडदमेथी होती. मासे वाळपईच्या बाजारातून येतात, त्यामुळे रोज मिळतीलच असं नाही, आणि ताजे नसतील तर वहिनी आणत नाहीत, मला ते आवडलं. नाचणीचं तिझन, म्हणजे गोड पेज, नणंदेच्या मुलाने तीन वाट्या घेतलं. त्याची आई घरी त्याला बिस्किटांशिवाय काही भरवू शकत नाही. तिखट कमी हवं असेल तर आधी सांगा. मिरवेली घरच्या आहेत आणि हात सढळ आहे.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. रात्री तंबूंपासून संडासापर्यंतच्या वाटेवर दिवे फार कमी आहेत. आईंना नेताना टॉर्च असूनही मी धास्तावले होते, एका ठिकाणी चिरा सुटून वर आलाय. वयस्कर माणसांना मुख्यतः पाण्यासाठी बोलावत असाल तर ही वाट आधी नीट व्हायला हवी. मी हे वहिनींना स्पष्ट सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं. दुसरं, रविवारी दिवसापुरते पाहुणे घेतात. आम्ही होतो त्या रविवारी एक मोठं कुटुंब स्पीकर घेऊन आलं. सुनेने दोनदा सांगितल्यावर बंद केला, पण अर्धी दुपार गेली. दिवसाचे पाहुणे घेणं थांबवावं किंवा त्यांना कोंडाची वेगळी वेळ द्यावी. तिसरं, बायकांची दुपारची वेळ दीड तासच आहे आणि ती अपुरी पडते. ऊन उतरून पाण्याला ऊब आलेली असते, तेव्हाच उठावं लागतं. पुरुषांना पुढे अंधार पडेपर्यंत वेळ आहे. सहापर्यंत करा, अशी आम्ही सगळ्याजणींनी मिळून विनंती केली आहे.

शिमग्याचे दिवस असल्यामुळे रात्री पलीकडच्या वाड्यावरून ढोल-ताशांचा आवाज बराच वेळ येत होता. मला आवडला. झोप सावध असणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत.

पैसे माणशी दिवसाला दीड हजाराच्या आसपास, दोन्ही जेवणं आणि न्याहारी धरून. लहान मुलांना अर्धे. आतल्या भागात रेंज जवळजवळ नाही, त्यामुळे यूपीआयवर विसंबू नका, रोख न्या. मोसम दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात बंद, आणि ते योग्यच आहे. त्या दिवसांत ओहोळ कसा फुगतो ते मालकांनी बांधाच्या वरच्या झाडावर अडकलेला ओंडका दाखवून सांगितलं. पावसाळ्यात नद्या-धबधब्यांवर उतरायला सरकारची बंदी येते, ती पाळत जा. सोबत जुना सुती परकर किंवा गाऊन, रबरी चप्पल, दोन टॉवेल, चांगली टॉर्च आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. ज्यांना हिंडण्याफिरण्यापेक्षा फोटोंची हौस जास्त आहे त्यांना ही जागा आवडणार नाही.

मैत्रिणींनी विचारलं म्हणून शेवटी हेही विचारून घेतलं, की एकटी बाई आली तर घेतात का. घेतात. तिला घराला लागून असलेला तंबू देतात आणि तिच्याकडून वेगळे पैसे लावत नाहीत. आईंनी आपल्या बहिणीसाठी दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्याचं सांगून ठेवलंय.